छायाचित्रकाराचा व्यवसाय

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी नावाचे गाव आहे. भोवताली काळी जमीन; तीत कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही पिके होतात. अशा गावातील एखाद्या घरात पाऊल टाकावे, तर समोरच्या भिंतीवर एक-दोन तसबिरी हमखास दृष्टीस पडतात. एक देवाची असते. दुसरी बहुधा दिवंगत आजोबांची किंवा आजीची. तिला हार घातलेला असतो. घरातील लहान मुलांनी त्या आजोबांना प्रत्यक्ष पाहिलेले नसते. आजोबांचे कपाळ, त्यांचा पटका, त्यांची नजर ही सारी त्या मुलांना माहीत झालेली असते ती त्या चौकटीतूनच. ती तसबीर कोणीतरी काढली होती. त्या कामाचे चार पैसे त्याने घेतले होते, आणि त्या पैशांतून त्याच्या घरची चूल पेटली होती. त्याचे नाव मात्र त्या भिंतीवर कोठेही लिहिलेले नसते.

आता अशाच गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी घरात म्हणते, "मी छायाचित्रकार होणार." वडीलधारी मंडळी क्षणभर गप्प राहतात आणि मग सांगतात, "छंद म्हणून ठीक आहे, बाळ. पण त्यावर संसार चालायचा नाही. शेतीत लक्ष घाल, नाहीतर एखादी नोकरी धर." हे उत्तर काही दुष्टपणाने दिलेले नसते. ज्यांनी दुष्काळ पाहिला आहे आणि सावकाराचे कर्ज फेडले आहे, त्यांना आपल्या मुलाच्या भाकरीची चिंता वाटावी यात नवल ते काय? परंतु चिंता खरी असली म्हणजे उत्तर बरोबर असतेच असे नाही. विहीर खणण्यापूर्वी शहाणा शेतकरी जमिनीत पाणी किती खोल आहे याचा अदमास घेतो. त्याचप्रमाणे छायाचित्रणाच्या धंद्यात पूर्वी कोणाला यश आले, कोणाला अपयश आले, आणि आजचा हिशेब काय सांगतो, हे आपण शांतपणे पाहू.

छायाचित्रणाची कला फार जुनी नाही. फ्रान्समध्ये दागेर याने शोधून काढलेली रीत १८३९ साली जगापुढे आली. पुढील काही वर्षांतच कॅमेरे समुद्रमार्गे आपल्या देशात येऊन पोचले. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची आवड असलेल्या मंडळींची एक संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेत निष्णात होते. त्याच सुमारास हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रणाचा धंदा मांडला होता. तोपर्यंत आपली प्रतिमा काढून घेणे हे राजेरजवाड्यांचे भाग्य समजले जाई. कारण चित्रकारास महिनोन्महिने पोसण्याची ऐपत त्यांनाच होती. कॅमेऱ्याने हे भाग्य प्रथम शहरातील धनिकांच्या, नंतर मध्यम स्थितीतील लोकांच्या आणि अखेरीस खेड्यातील शेतकऱ्याच्याही घरी आणून सोडले. या धंद्याचा पाया हाच आहे. ग्राहक कागदाच्या तुकड्यासाठी पैसे मोजत नाही. आपले माणूस आपल्याजवळ राहावे, या इच्छेसाठी तो पैसे मोजतो. ही इच्छा जोवर माणसाच्या मनात आहे, तोवर धंद्याचे मूळ सुकणार नाही. तथापि मूळ ओले असले, तरी झाडाला फळ येईलच असे नाही. याची दोन्ही उदाहरणे आपल्याच परिसरात सापडतात.

पहिले उदाहरण राजा दीनदयाळ यांचे. १९४८ सालापर्यंत परभणी जिल्हा, व त्याबरोबर बोरीही, हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे नामांकित छायाचित्रकार म्हणजे लाला दीनदयाळ. त्यांचा जन्म १८४४ साली उत्तरेत सरधना येथे झाला. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रण हा त्यांचा फावल्या वेळेचा छंद होता. पुढे हा छंद इतका वाढला, की त्यांनी सरकारी नोकरीचा त्याग केला आणि हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी छायाचित्रकार म्हणून काम पत्करले. निजामांनी त्यांना 'राजा' हा किताब दिला.

एवढ्यावरच थांबले असते, तर दीनदयाळ हे एका दरबाराचे आश्रित म्हणून राहिले असते. परंतु त्यांची व्यवहारदृष्टी मोठी तीक्ष्ण होती. राजाश्रय आज आहे, उद्या नाही, हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी सिकंदराबाद येथे, आणि पुढे १८९६ साली मुंबईतही, सर्वांसाठी खुली अशी चित्रशाळा उघडली. हैदराबादेत त्या काळी प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया पडद्यात राहत. परपुरुषासमोर बसून छायाचित्र काढून घेणे त्यांना शक्य नव्हते. दीनदयाळांनी १८९२ साली केवळ स्त्रियांसाठी निराळी चित्रशाळा सुरू केली आणि तिची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोपविली. ज्या ग्राहकाकडे इतरांनी लक्षही दिले नव्हते, त्याची अडचण ओळखून त्यांनी आपल्या धंद्याला नवे दार पाडले. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या दोन हजार आठशेंहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण व छपाईच्या निरनिराळ्या प्रक्रिया त्यांनी हस्तगत केल्या. कसबाच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्यात काहीही उणे नव्हते. त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा धंदा मांडला. परंतु प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले आणि त्यांना ते गाव सोडावे लागले. पुढे बडोद्यास त्यांनी पुन्हा बस्तान बसविण्याचा प्रयत्न केला. तेथे एक विलक्षणच अडथळा उभा राहिला. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो व त्यामुळे आयुष्य कमी होते, अशी समजूत लोकांत पसरली होती. फाळके यांनी परोपरीने समजूत घातली. तरीही दुकान चालेना. शेवटी त्यांना ते बंद करावे लागले.

येथे क्षणभर थांबून विचार करू. फाळके यांच्या हातात कला होती, अंगी चिकाटी होती. मग ते अपयशी का झाले? कारण धंदा हा दोन माणसांत चालतो. एकाच्या हातात कसब असावे लागते, तर दुसऱ्याच्या मनात विश्वास. फाळके यांच्यापाशी पहिली गोष्ट भरपूर होती. दुसरी त्यांना लोकांकडून मिळाली नाही. परंतु त्यांची विद्या वाया गेली काय? मुळीच नाही. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकाराची नोकरी, मग छापखाना असा प्रवास करीत ते चलच्चित्रांकडे वळले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते फाळके एकेकाळी छायाचित्रांचे दुकान चालवू शकले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिकलेले कसब एका दाराने आत येऊ शकले नाही, तर कधीकधी ते दुसऱ्या दाराने येते.

पुढच्या पिढ्यांत या व्यवसायाच्या अनेक शाखा झाल्या. वृत्तपत्रांना छायाचित्रे लागू लागली. होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. त्यांची छायाचित्रे १९३८ साली 'बॉम्बे क्रॉनिकल' या पत्रात छापून येऊ लागली, तेव्हा त्यांना दर छायाचित्रामागे एक रुपया मिळे. आणि आरंभी ती छापली जात ती त्यांच्या पतीच्या नावाने. १९४२ साली त्या दिल्लीस गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातील अनेक ऐतिहासिक प्रसंग आणि गांधीजींची अंत्ययात्रा त्यांच्या कॅमेऱ्याने टिपली. १९७० साली त्यांनी हा व्यवसाय थांबविला. २०११ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. एका रुपयापासून या गौरवापर्यंतचा मार्ग त्र्याहत्तर वर्षांचा होता.

गौतम राजाध्यक्ष हे मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक. ते प्रथम जाहिरातीच्या क्षेत्रात गेले, आणि तेथे हात स्थिर झाल्यावर त्यांनी पूर्णवेळ छायाचित्रण पत्करले. कलावंतांच्या व्यक्तिचित्रांनी त्यांनी नाव मिळविले. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या वृत्तपत्रांत छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, आणि ती करीत असतानाच महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे छायाचित्रित केले. ज्यांच्याकडे शहर पाहतही नव्हते, त्यांच्याकडे शहराला पाहावयास लावले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या दोघांच्या चरित्रांत एक समान धागा आहे. दोघांनीही केवळ उडी घेतली नाही. एक पाय घट्ट जमिनीवर ठेवून त्यांनी दुसरा पाय पुढे टाकला.

परंतु ही झाली मोठ्या शहरांतील मोठी माणसे. बोरीसारख्या गावात धंदा करणाऱ्याचे काय?

त्याच्या कामाचे स्वरूप समजावयाचे, तर आधी अंधारखोलीत डोकवावे लागेल. साधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत छायाचित्रकाराच्या दुकानामागे एक लहानशी काळोखी खोली असे. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ लेप असतो. कॅमेऱ्याची कळ दाबली, की प्रकाश त्या लेपावर पडतो. परंतु डोळ्यांना काहीच दिसत नाही. फिल्म एका द्रावणात बुडविली, म्हणजे जेथे प्रकाश पडला तेथे काळी चांदी उमटते. मग 'हायपो' नावाच्या द्रावणाने उरलेले क्षार विरघळवून टाकतात आणि फिल्म पाण्याने स्वच्छ धुतात. म्हणूनच आपल्याकडे 'फोटो धुणे' असा शब्दप्रयोग रूढ झाला. या फिल्मवर उजेडाच्या जागी अंधार व अंधाराच्या जागी उजेड दिसतो, तीच निगेटिव्ह. तिच्यातून पुन्हा प्रकाश सोडून कागदावर सरळ चित्र उतरवितात. काही कॅमेऱ्यांच्या रिळात बाराच चित्रे मावत. एक चित्र बिघडले, की त्याचा खर्च छायाचित्रकाराच्या खिशातून जाई. त्यामुळे तो ग्राहकाला बसवी, मान किंचित वळवावयास सांगे, उजेड पाही, आणि मगच कळ दाबी.

ही विद्या चटकन येत नसे, आणि ती न शिकलेल्याला दुकान मांडता येत नसे. अवघड विद्या हीच त्याच्या धंद्याची तटबंदी होती. ती तटबंदी कोसळली. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कारखान्यातील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा तयार केला. पुढे हेच तंत्र सुधारत सुधारत भ्रमणध्वनीत येऊन बसले. गंमत अशी, की ज्या कोडॅकने हा शोध लावला, तिचा मुख्य धंदा फिल्मचाच होता. आणि त्याच कोडॅकला २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. एवढ्या बलाढ्य कंपनीला जो बदल सोसला नाही, तो एका खेड्यातील दुकानदाराने सोसावा, ही अपेक्षा सोपी नव्हे.

आज बोरीच्या बाजारात उभे राहिले, तर ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा आहे. शेतकरी आपल्या पिकाचे छायाचित्र स्वतः काढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तेच अपेक्षित आहे. आधार ओळखपत्रासाठी छायाचित्रकाराकडे जावे लागत नाही; ते नोंदणी केंद्रातच काढले जाते. देशातील पहिले आधार पत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिले गेले. येणेप्रमाणे छायाचित्रकाराची काही कामे कायमची गेली. ती परत येतील, अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

मग राहिले काय? शाळेच्या, शिष्यवृत्तीच्या व नोकरीच्या अर्जावर चिकटवावयाची लहान छायाचित्रे राहिली. लग्ने, मुंजी, बारशी व साठीशांतीचे समारंभ राहिले. शाळेतील वर्गाचे सामूहिक छायाचित्र राहिले. जुन्या, फाटक्या, डाग पडलेल्या छायाचित्रांची दुरुस्ती हे काम तर उलट वाढले. याखेरीज जिल्ह्याच्या ठिकाणी वृत्तपत्रे आहेत, कृषी विद्यापीठ आहे, दुकानदारांना आपल्या मालाची चित्रे हवी असतात. जिंतूर तालुक्यातच चारठाणा येथे जुनी मंदिरे आहेत, पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. अशा स्थळांची काळजीपूर्वक काढलेली छायाचित्रे पुस्तकांना व नियतकालिकांना लागतात. म्हणजे काम आहे. परंतु ते एका जागी ढिगाने पडलेले नाही. ते कणसातील दाण्यांप्रमाणे वेचून घ्यावे लागते.

आता आपण प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे कोणा एका दुकानाचे नाहीत. हिशेबाची रीत कळावी म्हणून ते कल्पिले आहेत. समजा, बोरीतील एका तरुणाने दोन लाख रुपये घालून कॅमेरा, दिवे, संगणक व छपाईचे यंत्र घेतले. वर्षभरात त्याला ३० लग्नांचे काम मिळाले आणि प्रत्येकाचे १२,००० रुपये ठरले. एकूण जमा झाली ३,६०,००० रुपये. हा आकडा ऐकून शेजारी म्हणतील, "पोराने तर लाखोंनी कमावले!" परंतु थांबा. प्रत्येक लग्नात मदतनिसाचे २,०००, अल्बमचे ४,००० आणि प्रवासाचे ५०० रुपये खर्च होतात. तीस लग्नांचा हा खर्च १,९५,००० रुपये झाला. बाकी राहिले १,६५,००० रुपये. त्यातून दुकानाचे वर्षाचे भाडे ३०,००० आणि वीज व दूरध्वनी यांचे १२,००० वजा करावयाचे.

येथपर्यंतचा खर्च सर्वांना दिसतो. न दिसणारा खर्च पुढेच आहे. कॅमेरा काही जन्मभर पुरत नाही. तो पाच वर्षांनी बदलावा लागेल असे धरले, तर दोन लाखांच्या सामानाचे दरवर्षी ४०,००० रुपये झिजतात. याला घसारा म्हणतात. ज्याने घसारा बाजूला काढून ठेवला नाही, तो पाचव्या वर्षी कर्ज काढतो. हे सारे वजा जाता लग्नांच्या कामातून हाती राहिले ८३,००० रुपये. म्हणजे महिन्याला सुमारे ६,९०० रुपये. एवढ्यावर कुटुंब चालणे कठीणच.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच दुकानात दररोज आठ ग्राहक अर्जावरच्या लहान छायाचित्रांसाठी आले. प्रत्येकाने ५० रुपये दिले. त्यात कागदाचा व शाईचा खर्च १० रुपये. दिवसाचे ३२० रुपये सुटले. महिन्याचे २५ दिवस धरता ८,००० रुपये, आणि वर्षाचे ९६,००० रुपये झाले. ज्या कामात नाव नाही, वाहवा नाही, त्याच कामाने लग्नांच्या कामापेक्षा अधिक दिले! दोन्ही मिळून वर्षाची प्राप्ती १,७९,००० रुपये. महिन्याला जवळजवळ १५,००० रुपये. ही श्रीमंती नव्हे, परंतु उपासमारही नव्हे. लग्नसराईत पैसा एकदम येतो आणि चातुर्मासात तो आटतो. त्या वेळी हे रोजचे लहान कामच घरात भाकरी आणते. खरीप बुडाले तर रब्बीवर निभावणाऱ्या शेतकऱ्यास हा न्याय नवा नाही.

या हिशेबाला एक मोठे भगदाड पडू शकते, ते म्हणजे उधारी. तीसपैकी पाच घरांनी निम्मे पैसे बुडविले, तर ३०,००० रुपये गेले. म्हणजे वर्षाच्या प्राप्तीचा सुमारे सहावा हिस्सा नाहीसा झाला. गावात सारे ओळखीचे, नात्यागोत्याचे. "आपल्या घरचेच कार्य आहे, पैशांचे मग बघू," असे म्हटल्यावर तोंड उघडणे जड जाते. म्हणून जाणते छायाचित्रकार काम घेतानाच इसार घेतात, काय देणार व केव्हा देणार हे कागदावर लिहितात, आणि अल्बम हाती देताना उरलेली रक्कम घेतात. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. बैलजोडी घेतानाही इसार दिला जातोच.

या व्यवसायास कायद्याचीही माहिती हवी. भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ सालचा आहे. छायाचित्रकाराने स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा प्रताधिकार त्याचा असतो. परंतु ग्राहकाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार, निराळा करार नसल्यास, ग्राहकाकडे जातो. म्हणजे एखाद्या नवरीचे सुंदर छायाचित्र दुकानाच्या पाटीवर लावावयाचे असेल, तर आधी त्या घरची परवानगी घेतली पाहिजे. कायदा नसता, तरी सभ्यपणाने हेच सांगितले असते.

आणि आता एक गोष्ट, जी हिशेबाच्या वहीत मावत नाही. खेड्यात असा प्रसंग कित्येकदा येतो, की घरातील कर्ता माणूस अचानक निघून जातो. तेराव्याला तसबीर ठेवावयाची असते. घरात शोधाशोध होते, परंतु त्याचे एकही धड छायाचित्र सापडत नाही. ज्याने जन्मभर इतरांची कार्ये पार पाडली, तो स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर बसलेलाच नसतो. मग घरातील मुलगा गावातल्या जुन्या छायाचित्रकाराकडे येतो. "काका, बारा वर्षांपूर्वी अमक्याच्या लग्नात तुम्हीच होता ना? वडील पंक्तीत वाढत होते..." छायाचित्रकार जुनी पेटी उघडतो, पाकिटांवरचे क्रमांक व तारखा पाहत जातो, आणि एक निगेटिव्ह उजेडासमोर धरतो. मागच्या रांगेत, हातात भाताचे पातेले घेतलेला, अर्धवट हसणारा एक माणूस तीत असतो. त्या तांदळाएवढ्या चेहऱ्यातून भिंतीवरची तसबीर तयार होते. त्या दिवशी त्या मुलाने जे दाम दिले असतील, ते छपाईचे होते. परंतु बारा वर्षे पेटी नीट ठेवल्याचे मोल त्याला देता येणार नव्हते, आणि छायाचित्रकारानेही ते मागितले नसते. गावात त्याच्या दुकानाचे नाव निघते ते अशाच एखाद्या प्रसंगामुळे. फाळके यांना बडोद्यात जो विश्वास मिळाला नव्हता, तो येथे असा थेंबाथेंबाने साठत जातो.

भ्रमणध्वनीने छायाचित्र काढणे सोपे केले, हे खरे. पण जपून ठेवणे सोपे केले काय? हजारो चित्रे काढली जातात, आणि यंत्र बिघडले की एका क्षणात नाहीशी होतात. पाण्याने, वाळवीने व यंत्राच्या बिघाडाने काय काय जाते, हे ज्यास कळते आणि जो प्रत्येक कामाच्या दोन प्रती निरनिराळ्या जागी ठेवतो, त्याची गरज उद्याही लागणार आहे.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? छायाचित्रणावर पोट भरते काय? भरते, परंतु केवळ कॅमेरा विकत घेतल्याने भरत नाही. ज्याला उजेड ओळखता येतो आणि हिशेबही लिहिता येतो. जो एकाच कामावर विसंबून राहत नाही. जो लहान कामाला तुच्छ लेखीत नाही. जो नवे तंत्र आले असता दार लावून बसत नाही. आणि ज्याच्या हाती आपल्या घरची चित्रे सोपविताना माणसांना भीती वाटत नाही, त्याला या धंद्यात भाकरी मिळते. यांपैकी एखादी गोष्ट कमी असेल, तर काही वर्षे शेती किंवा नोकरी सांभाळून हे काम करावे, यातही कमीपणा नाही. राजा दीनदयाळ यांनीही आपला आरंभ नोकरीत असतानाच केला होता.

म्हणून बोरीतील त्या मुलाने वा मुलीने वडिलांशी वाद घालू नये. एक वही घ्यावी, आपल्या गावात वर्षाला किती लग्ने होतात, किती विद्यार्थ्यांना अर्जावर छायाचित्रे लावावी लागतात, सामान किती किमतीला पडते, हे सारे विचारून लिहून काढावे, आणि ती वही वडिलांसमोर ठेवावी. ज्या माणसाने आयुष्यभर बी-बियाण्याचा हिशेब केला आहे, तो ही वही निश्चित वाचील. कदाचित तो एखादा आकडा दुरुस्तही करील.

अभ्यास

१. ग्राहक छायाचित्रकाराला पैसे देतो ते कशासाठी, असे लेखकाने म्हटले आहे?
२. राजा दीनदयाळ यांनी आपल्या धंद्याला 'नवे दार' कसे पाडले?
३. अंगी कसब असूनही दादासाहेब फाळके यांचे दुकान का चालले नाही? त्यांची विद्या पुढे कशी उपयोगी पडली?
४. घसारा म्हणजे काय? तो बाजूला न काढल्यास काय होते, ते पाठातील हिशेबाच्या आधारे सांगा.
५. तुमच्या गावातील शिंपी, कुंभार, सुतार किंवा छायाचित्रकार यांपैकी एकास भेटा. त्याच्या धंद्याचा वर्षाचा जमाखर्च अंदाजे कसा असतो, हे विचारून दहा-बारा ओळींत लिहा.